मिटव, आणि सांग

कुताइसीच्या शिक्षक-प्रशिक्षणात
राजधानीहून आलेल्या बाईंनी पडद्यावर लिहिलं:
वाचा. पुस्तक मिटवा. आपल्या शब्दांत सांगा.
तीन दिवसांनी पुन्हा सांगा.
सगळे वहीत उतरवून घेत होते.
मला मात्र भाजलेल्या पावाचा वास आला,
आणि खालच्या गल्लीतला तो मातीचा रांजण दिसला,
गळ्यापर्यंत पुरलेला, पोटात विस्तव,
आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेले माझे वडील, नुग्झार.

त्या हिवाळ्यांत शहरात वीज नसायची.
भट्टीचा उजेड तेवढा फुकट.
पिठाच्या गोणीवर बसून मी धडा वाचायची,
खाडखाड, एका दमात, स्वल्पविरामांना न जुमानता.
वर्गात माझ्या वाचनाचं कौतुक होतं.
"झालं?"
"झालं."
"मग मिटव ते. आता सांग."

आणि काहीच नसायचं.
जीभ सगळीकडे फिरून आलेली, मी गेलेच नव्हते.
एखाद्या गावातून बस सुसाट निघून जावी
आणि खिडकीत बसलेल्याला गावाचं नावही कळू नये, तसं.

ते ओरडायचे नाहीत.
होडीसारखा लांबवलेला गोळा उचलायचे,
मागून मिठाच्या पाण्याचा हात फिरवायचे
आणि थाप! आतल्या भिंतीवर.
भिंत तापलेली नसेल तर तो सुटून राखेत पडायचा.
"पडला," म्हणायचे. "घाई केली."
एवढंच. याच्या पुढचं बोलणं त्यांना जमत नसे.

मग प्रश्न. तेही माझ्याकडे न बघता.
"बेडूक हिवाळाभर पाण्याखाली बसतो म्हणालीस.
श्वास कुठून घेतो मग?"
"ते नाही दिलेलं."
"बघ. दिलं असेल."
दिलेलं असायचं.
"आणि त्या राणीनं पूल का पाडला?
पलीकडे तर तिचंच सैन्य होतं."
मी पान उघडायची, तेवढंच शोधायची, परत मिटवायची.
चौथ्या खेपेला राणी मला चिडलेली दिसायची,
आणि का चिडली तेही.

गुरुवारी पुन्हा तेच.
"काय गं, त्या बेडकाचं काय ते?"
"सोमवारी सांगितलं की!"
"विसरलो. सांग परत."
विसरलेली तर मीही असायची, निम्मंशिम्मं.
आठवताना हलणाऱ्या दातासारखं ठणकायचं आत,
पण जे असं ओढून काढलं, ते पुन्हा हरवलं नाही.
चाळिशी उलटली माझी.
बेडूक अजून कातडीतून श्वास घेतो.

पाठ. केवढासा शब्द.
पुस्तकातला धडा तो पाठ, घोकलेलं तेही पाठ,
आणि घामानं भिजलेली, पिठानं पांढरी,
विस्तवाकडे तोंड केलेल्या माणसाची
तीही पाठच.
मला नीट पाठ आहे ती तेवढी.

ते गेल्यावर दुकान आवरताना
मिठाच्या डब्यामागे एक कागद सापडला,
डोळ्यांच्या डॉक्टरचा, चार घड्या घातलेला.
जवळचं दिसत नाही. चष्मा ताबडतोब.
तारखेवरून हिशोब केला: मी पाचवीत होते.
चष्मा काही आमच्या घरात कधी आला नाही.
पाव गुंडाळायच्या वर्तमानपत्रातलं
एक अक्षर त्यांना लागत नव्हतं इतकी वर्षं.
आईलाही ठाऊक नव्हतं.

म्हणजे शिकवत वगैरे नव्हते ते मला.
त्यांना पुढे काय झालं ते हवं होतं.
राणीचं. बेडकाचं.

प्रशिक्षणाच्या शेवटी बाईंनी विचारलं, काही शंका?
मी हात वर केला नाही.

काल वर्गात बेसारिओननं धडा वाचला,
पाण्यासारखा, कुठेही न अडता.
मुलं बघत राहिली.
मी म्हटलं, मिटव ते. मला सांग काय आहे त्यात.
आज माझे डोळे दुखतायत, मला काही वाचता येत नाहीये.
माझे डोळे उत्तम आहेत.
त्यानं तोंड उघडलं. मिटलं.
छताकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे, जरा काळजीनं.
"थांबा हं, बाई," म्हणाला,
आणि पान शोधायला लागला.